पट्टीचा पोहणारा ब्रुनो आणि साडेतीन लिटर पाणी

तळ्यावर गेलेल्या त्या कुटुंबाला दिवसभर काळजी होती ती मिनीची. मिनी ही पग. नाक चपटं, पाय आखूड, डोकं आणि छाती जड. अशा कुत्र्याला नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवायला मान इतकी वर करावी लागते की मागचं धड बुडायला लागतं. घरच्यांना हे माहीत होतं, म्हणून मिनीच्या अंगात लाईफ जॅकेट, जॅकेटच्या पाठीवरच्या मुठीला कायम कोणाचा तरी हात, आणि तिला खोल पाण्यात न्यायचं नाही असं घरातूनच ठरवून निघालेले. ब्रुनो मात्र चार वर्षांचा लॅब्राडोर, पट्टीचा पोहणारा. त्याच्याकडे लक्ष ठेवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी दवाखान्यात उचलून आणावं लागलं ते ब्रुनोला.

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथले तपशील बदलले आहेत. घटनाक्रम, तपासण्या आणि आकड्यांचा हिशेब मात्र अशा कुत्र्यांमध्ये दिसतो तसाच ठेवला आहे.

त्या दुपारी काय झालं

तळ्याचं पाणी संथ होतं, एका बाजूला लाकडी धक्का होता आणि हवा गरम होती. खेळ साधा. धक्क्यावरून टेनिसचा चेंडू लांब फेकायचा, ब्रुनोने धावत येऊन उडी मारायची, चेंडू तोंडात धरून पोहत काठाला लागायचं आणि वळसा घालून पुन्हा धक्क्यावर. फेकणारे चौघे होते: ब्रुनोचे बाबा, आई, ताई आणि काका. (आमच्या दवाखान्यात पालकांना याच नात्याने ओळखतात, तेच ठेवतो.)

चेंडू किती वेळा फेकला, हे मी चौघांना वेगवेगळं विचारलं. चौघांनीही "थोड्याच वेळा" असं सांगितलं आणि चौघंही खरं बोलत होते. एकाचा हात दुखला की दुसरा उठायचा. फेकणारा बदलत होता, आणणारा एकच होता. चौघांचं "थोडं थोडं" मिळून खेळ दोन तासांच्या आसपास चालला, आणि त्या वेळात ब्रुनो आपणहून एकदाही थांबला नाही. लॅब्राडोर थांबत नाहीच. चेंडू दिसत असेपर्यंत दमलो हे त्याला कळत नाही, कळलं तरी तो ते मानत नाही.

पहिली खूण बरीच आधी दिसली होती. ब्रुनो काठावर आला, चेंडू खाली ठेवला आणि भसकन उलटी केली. उलटीत अन्न नव्हतं, नुसतं स्वच्छ पाणी होतं. त्याने लगेच चेंडू उचलला आणि शेपूट हलवायला लागला. पोटातलं बाहेर पडलं, बरंच झालं, असं म्हणून खेळ पुढे सुरू झाला. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "याचं पोट गोल दिसतंय." तेही हसण्यावारी गेलं. मग धक्क्यावर चढताना त्याचा मागचा पाय घसरला. पुढच्या फेरीत त्याने चेंडू पाण्यातच सोडून दिला, आणि ब्रुनो चेंडू सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तेव्हा सगळ्यांना जाणवलं. तो उभा होता, पण डुलत होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. हाक मारली तर मान वळवायचा, नजर मात्र माणसावर ठरत नव्हती.

ऊन लागलं, असा सगळ्यांचा समज झाला, आणि त्या परिस्थितीत तो समज अगदी स्वाभाविक होता. त्याला सावलीत आणलं, अंगावर ओलं कापड टाकलं, पुढ्यात पाण्याचं भांडं ठेवलं. तो पाण्याला तोंड लावेना, म्हणून बाटलीने तोंडात पाणी ओतलं. या सबंध दुपारीतली सगळ्यात घातक गोष्ट हीच होती, आणि ती निव्वळ मायेपोटी झाली. गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनळीत जातं. ब्रुनोच्या बाबतीत तर पाणी हाच आजार होता. काही मिनिटांत तो आडवा झाला आणि गाडीत त्याला फिट आली.

समोर आला तेव्हा

हिरड्या फिक्या, बाहुल्या मोठ्या, चारही पाय ताठ. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३८.२ अंश सेल्सिअस. कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ असतं, म्हणजे ब्रुनो तापलेला नव्हता. उष्माघातात ते सहसा ४१ च्या पुढे जातं. पण वाटेत ओल्या कापडात गुंडाळलेल्या कुत्र्याचं तापमान खाली आलेलं असू शकतं, तेव्हा नुसत्या या आकड्यावर उष्माघात बाद करता येत नाही.

फुगलेलं पोट पाहून दुसरी शंका आली ती जठराला पीळ पडल्याची. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये हे होतं आणि जीव घेतं. पण त्यात कुत्रा उमासे काढतो आणि बाहेर काही पडत नाही, पोटावर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. ब्रुनोला उलट्या सहज होत होत्या आणि पोट पोकळ न वाजता जड, डुचमळतं लागत होतं.

तिसरी शंका निळ्या-हिरव्या शैवालाची, म्हणजे सायनोबॅक्टेरियाची. साचलेल्या, कोमट पाण्यावर कधी हिरवा रंग सांडल्यासारखा थर येतो, त्यातलं विष यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर जातं. मज्जासंस्थेवर जाणाऱ्या विषाने कुत्रा तासाभरातही मरू शकतो आणि त्याला उतारा नाही. ताईच्या फोनमध्ये दुपारचे फोटो होते. पाणी नितळ दिसत होतं, काठाला थर नव्हता. तेच पाणी चाटलेली मिनी बाहेर खुर्चीखाली निवांत बसली होती. याला पुरावा म्हणता येणार नाही, कारण कोणी किती प्यायलं यावर सगळं असतं. संशय मात्र कमी झाला. रक्तातली साखर लगेच मोजली, ती ठीक होती.

मग वजन. ब्रुनोच्या कार्डावर लसीच्या वेळचं वजन २८ किलो होतं. काटा ३२ दाखवत होता. काटा बिघडला असं वाटून आधी आमच्या मदतनीसाने स्वतः त्यावर उभं राहून पाहिलं. काटा बरोबर होता. ओल्या केसांचं अर्धा किलो सोडलं तरी कुत्रा एका दुपारीत साडेतीन किलोने वाढला होता. त्याने काही खाल्लेलं नव्हतं, म्हणजे ते साडेतीन किलो कशाचे हे उघड होतं.

रक्ताचा अहवाल आला: सोडियम १२२. कुत्र्यात ते साधारण १४० ते १५५ मिलिमोल प्रति लिटर असतं. निदान तिथेच झालं. पाण्याची विषबाधा, म्हणजे इतकं पाणी पोटात जाणं की रक्तातलं सोडियम पातळ व्हावं.

हिशेब

काटा आणि रक्त एकच गोष्ट सांगताहेत का, हे पाहायला पाटीवरचं गणित पुरतं. कुत्र्याच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. २८ किलोच्या ब्रुनोत ते सुमारे १६.८ लिटर. आधीचं सोडियम १४८ धरलं आणि आता ते १२२ झालं, तर तितकंच सोडियम जवळजवळ २०.४ लिटर पाण्यात पसरलं असा अर्थ होतो. फरक ३.६ लिटर. उलटी, लघवी आणि जठरात अजून पडून असलेलं पाणी यांमुळे हा हिशेब ढोबळच आहे, पण काट्याच्या साडेतीन किलोशी तो जुळतो. या वजनाचा कुत्रा एरवी दिवसभरात सव्वा ते दीड लिटर पाणी पितो. ब्रुनोने त्याच्या दुपटीहून जास्त दोन तासांत रिचवलं होतं, आणि तेही तहान नसताना.

लहान कुत्र्यांच्या मालकांनी हेच गणित आपल्यासाठी करून पाहावं. पाच किलोच्या कुत्र्यात एकूण पाणी तीन लिटर. त्यात जादा अर्धा लिटर गेलं की १४८ चं सोडियम १२७ वर येतं. अर्धा लिटर म्हणजे एक मध्यम बाटली. बागेतल्या नळीच्या फवाऱ्याला चावत खेळणाऱ्या छोट्या कुत्र्याच्या पोटात तेवढं पाणी जायला पोहण्याचीही गरज नाही.

सोडियम उतरलं की त्रास मेंदूला आधी का होतो? रक्त पातळ झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. बाकीच्या अवयवांना फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद असतो. डुलणं, हरवलेली नजर, मोठ्या बाहुल्या आणि फिट ही सगळी त्या दाबाची लक्षणं. उतार अचानक झाला तर मेंदूला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून दोन तासांतलं १२२ हे आठवडाभरात हळूहळू झालेल्या १२२ पेक्षा फार वाईट.

उपचार

फिट थांबवण्याचं औषध शिरेतून दिलं, ऑक्सिजन लावला, डोक्याकडचा भाग थोडा उंच ठेवला. रक्त पायाच्या शिरेतून काढलं. मानेची शीर दाबली की डोक्यातलं रक्त परतायला अडथळा होतो आणि मेंदूवरचा दाब वाढतो, म्हणून अशा रुग्णाच्या मानेला हात लावायचा नाही. गळ्यातला पट्टा तर दारातच काढला होता.

मग ३ टक्के मिठाचं सलाईन, मोजून आणि सावकाश. नेहमीचं सलाईन ०.९ टक्के असतं. इथे हेतू वेगळा आहे: सोडियम चार-पाच अंकांनी वर आलं तरी पेशींतलं पाणी बाहेर यायला लागतं आणि सूज उतरू लागते. सगळा आकडा एका दमात भरून काढायचा नसतो. दर दोन तासांनी सोडियम मोजत राहिलो. पहिले काही तास तो नुसता पडून होता, मग त्याने लघवी करायला सुरुवात केली, आणि ती काही थांबेना. पाण्यासारखी पांढरी, गादीमागून गादी भिजवणारी. त्या रात्री आमच्याइतक्या आनंदाने कोणी गाद्या बदलल्या नसतील. मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकायला लागली की सोडियम आपोआप चढतं, आणि मग आम्हाला सलाईन आवरतं घ्यावं लागतं.

सकाळी सोडियम १४० होतं. एका रात्रीत १८ अंकांची वाढ हे वाचून एखादा पशुवैद्य भुवया उंचावेल, आणि त्याचं बरोबर आहे. सोडियम बरेच दिवस कमी असलेल्या कुत्र्यात चोवीस तासांत १० ते १२ पेक्षा जास्त वाढ केली तर मज्जातंतूंवरचं आवरण उद्ध्वस्त होऊ शकतं. तिथे मेंदूने कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं. ब्रुनोचं सोडियम दोन तासांत पडलं होतं, ते लवकर परत येणं चालण्यासारखं होतं. कधीपासून, हा प्रश्न म्हणूनच आकड्याइतकाच महत्त्वाचा. मालकांनी दुपारचा क्रम नीट सांगितला, त्याचा इथे फार उपयोग झाला.

पहिल्या रात्री ब्रुनो उठून चालला तेव्हा पिंजऱ्याच्या कडेवर आदळला. त्याला दिसत नव्हतं. डोळे ठीक होते, मेंदूतला पाहण्याचा भाग सुजलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आत आली आणि त्याने तिला खोलीच्या टोकावरून ओळखलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, तरी घरी सोडताना झोपेतले श्वास मोजायला शिकवलं: मिनिटाला तीसच्या वर सतत राहिले किंवा खोकला सुरू झाला तर लगेच आणायचं. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा न्यूमोनिया एक-दोन दिवसांनीही डोकं वर काढतो.

बाबांनी निघताना विचारलं, "डॉक्टर, पुढच्या वेळी असं वाटलं तर वाटेतच थोडं मीठ चारू का?" नाही. हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो. मूठभर मीठ कुत्र्याचं सोडियम उलट दिशेला धोक्याच्या पलीकडे नेऊ शकतं, गुंगीत त्याला उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते, आणि लक्षणांवरून निदान घरी होतच नाही. समुद्राचं पाणी भरपूर प्यायलेल्या कुत्र्यात सोडियम वाढलेलं असतं आणि तोही असाच डुलतो, असाच ओकतो, त्यालाही अशीच फिट येते. दोघांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध. मोजल्याशिवाय कोणता कोण ते कळत नाही. घरच्यांनी करायचं ते इतकंच: खेळ थांबवायचा, तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर झोपवून दवाखाना गाठायचा आणि वाटेत फोन करून "पाण्यात खेळत होता" हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

पाणी गेलं कुठून

ब्रुनो बुडाला नव्हता, त्याने पाणी मुद्दाम प्यायलंही नव्हतं. तरी साडेतीन लिटर आत कसं गेलं, हे शोधल्याशिवाय त्याला पुन्हा पाण्यात सोडण्यात अर्थ नव्हता. ताईने फोनवर काढलेला एक छोटा व्हिडिओ मी संथ गतीने लावला. खरं तर अख्खं प्रकरण त्यातच आहे.

उडी मारताना ब्रुनोचं तोंड उघडं असतं. तो पाण्यावर आपटतो आणि तोंडात पाण्याचा लोट शिरतो. मग चेंडूपाशी पोहोचल्यावर तो जबडा पूर्ण उघडून चेंडूवर झडप घालतो, चेंडू थोडा खाली दबतो, पुन्हा वर येतो, दुसरी झडप. प्रत्येक झडपेत पाणी. चेंडू तोंडात आल्यावर खरी गंमत. तो गोल आहे, मोठा आहे, त्याच्यामुळे जबडा उघडाच राहतो आणि ओठांच्या कडा मिटत नाहीत. काठापर्यंतचं सगळं अंतर तो उघड्या तोंडाने, पाण्याच्या पातळीशी तोंड ठेवून कापतो, आणि तोंडात आलेलं गिळण्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. वर चेंडूची लव भिजलेली, जबड्याने दाबली की तीही पाणी सोडते.

एका फेरीला पन्नास मिलिलिटर गिळलं असं समजू. ते तीन-चार घोट झाले. सत्तर फेऱ्यांत साडेतीन लिटर होतात. दोन तासांत सत्तर फेऱ्या करायला लॅब्राडोरला विशेष घाई करावी लागत नाही.

पोहता न येणारा कुत्रा हे सगळं करूच शकला नसता. मिनीला चौघं जपत होते आणि ती पाचव्या मिनिटाला कंटाळून काठावर बसली. धोका होता तो ज्याला पोहता येतं त्याला, कारण त्याच्यावरची नजर आपण काढून घेतो आणि थांबायचं कधी हे त्याच्यावर सोडतो.

पुन्हा पाण्यात जावं का

माझ्या ओळखीचे काही पशुवैद्य सांगतील, या कुत्र्याला पाणी कायमचं बंद करा. मला ते पटत नाही. ब्रुनोच्या मागच्या पायांच्या खुब्यात लहानपणापासून थोडा ढिलेपणा आहे, लॅब्राडोरमध्ये तो बऱ्याचदा दिसतो. अशा कुत्र्याला पोहणं मानवतं: सांध्यावर अंगाचा भार येत नाही आणि स्नायू मात्र कामाला लागतात. शिवाय पाणी हा त्याचा जीव की प्राण. दोष पोहण्यात नव्हता, न थांबणाऱ्या चेंडूत होता. महिनाभर विश्रांती दिली आणि मग खेळाची मांडणीच बदलली.

सगळ्यात आधी चेंडू गेला. त्याच्या जागी पाण्यावर तरंगणारी, मऊ, चपटी खेळणी आली, दातांत धरली तरी तोंड जवळजवळ मिटेल इतकी पातळ. काठीही नको, ती टाळूत किंवा घशात घुसते. धक्क्यावरची उडी बंद झाली, ब्रुनो उताराच्या काठावरून चालत पाण्यात शिरतो. उडीत पाणी तोंडात जातं हे एक कारण, आणि गढूळ पाण्याखाली दगड आहे की खुंट हे वरून दिसत नाही हे दुसरं.

मग थांबणं. खरी मेहनत इथे लागली, आणि ती कुत्र्यापेक्षा माणसांना जास्त पडली. सात-आठ मिनिटं पाण्यात, त्याहून जास्त वेळ काठावर. काठावर म्हणजे साखळी लावून सावलीत, आणि खेळणं पिशवीत, नजरेआड. ते दिसत राहिलं तर ब्रुनो विश्रांती घेत नाही, नुसता थरथरत वाट बघतो. या वेळात त्याला लघवीला न्यायचं, पोटावरून हात फिरवायचा, प्यायला घरचं पाणी थोडं द्यायचं म्हणजे तो तळ्याचं पीत नाही. उलटीत नुसतं पाणी आलं तर तो दिवस तिथेच संपला, मग कुत्रा कितीही शेपूट हलवो. ताईने पहिल्यांदा विचारलं, "पण तो दमलाय हे ओळखायचं कसं?" चांगला पोहणारा कुत्रा पाण्यात आडवा असतो, पाठ पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, पाय पाण्याखाली शांत चालतात. दमला की मागचं धड खाली जायला लागतं, तो उभा होत जातो आणि पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन शिंतोडे उडवायला लागतात. शिंतोडे दिसले की आपल्याला उशीरच झालेला असतो, त्याआधी कंबर बुडायला लागली की बाहेर बोलवायचं.

बोलावलं की यावं, हेही वेगळं शिकवावं लागलं. जमिनीवर हाकेला धावत येणारा ब्रुनो पाण्यात ऐकत नव्हता. उथळ पाण्यात, लांब दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावून, आला की लगेच दुसरं खेळणं द्यायचं, असं करत ते जमलं. दोरी माणसाने हातात धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही आणि धक्क्याला बांधायची तर मुळीच नाही.

लाईफ जॅकेटवर बाबा अडून बसले होते. "पोहता येतं त्याला कशाला?" जॅकेटने मागचं धड वर राहतं, त्यामुळे तोंडही पाण्यापासून थोडं उंच राहतं, दमायला वेळ लागतो आणि पाठीवरच्या मुठीला धरून अठ्ठावीस किलोचा कुत्रा बाहेर ओढता येतो. जॅकेट घातलं म्हणून पाणी गिळणं थांबत नाही, हे मात्र मी त्यांना दोनदा सांगितलं. नाहीतर पुन्हा सगळे निर्धास्त.

आणि एक माणूस. चेंडू फेकणाऱ्या चौघांपैकी कोणाकडेही सगळा हिशेब नव्हता, म्हणून आता एकाकडेच असतो. तो फेकत नाही, फोन पाहत नाही, घड्याळ आणि कुत्रा एवढंच बघतो. बहुतेक वेळा ही ताई असते, कारण पोट गोल झालंय हे तिनेच आधी पाहिलं होतं आणि आता तिचं म्हणणं कोणी हसण्यावारी नेत नाही.

काकांकडे पोहण्याचा तलाव आहे, तिथे प्रश्न निराळा होता. कुत्रा तलावात पडला की तो पायऱ्यांकडे जात नाही. जिथे माणूस दिसतो त्या भिंतीपाशी जातो आणि गुळगुळीत कडेवर नखं मारत राहतो, दमेपर्यंत. पट्टीचा पोहणाराही असाच जातो. म्हणून आत उतरवण्याआधी बाहेर पडणं शिकवलं: पायरीवर उभं करायचं, वळवायचं, बाहेर. मग थोडं आतून, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, प्रत्येक वेळी त्याच पायरीला. तलावावर ताणलेलं आवरण तर सापळाच, त्यावर पाय दिला की कुत्रा त्यात गुरफटतो. वाहत्या पाण्याबद्दल माझं मत सरळ आहे: प्रवाह जोराचा असेल तर ब्रुनो नाही. तो वाहत गेला तर त्याच्यामागे कोणी उडी मारायची नाही, काठाने पुढे धावत हाक मारायची. अशा वेळी कुत्रा पुष्कळदा बाहेर येतो आणि त्याच्यासाठी उतरलेला माणूस अडकतो.

पोहून झाल्यावरचं काम थोडक्यात. स्वच्छ पाण्याने अंग धुणं, कान कोरडे करणं (कुत्र्याची कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, पाणी वळणात अडकतं आणि कान वास मारायला लागतो), दाट केस मुळापर्यंत सुकवणं. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू येतात, त्याची लस दरवर्षी. मिनीच्या बाबतीत काहीच बदलावं लागलं नाही.

शेपटीचं प्रकरण

या नव्या मांडणीत ब्रुनो बरेच महिने व्यवस्थित पोहला. मग एका गार दिवशी पोहून आला आणि दुसऱ्या सकाळी त्याची शेपूट मेल्यासारखी लोंबत होती. बुडाशी दोन-तीन बोटं आडवी, तिथून पुढे सरळ खाली. बसताना कण्हत होता. आईंचा फोन आला, "डॉक्टर, पुन्हा मेंदूला सूज आली का?" डोळे, चाल, भूक सगळं ठीक आहे म्हणाल्या, तेव्हाच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. तपासल्यावर शेपटीचं बूड दुखरं निघालं, हाड शाबूत होतं. गार पाण्यात जोरात पोहल्यावर शेपटीचे स्नायू असे आखडतात, लॅब्राडोरमध्ये हे नेहमीचं आहे. पोहताना शेपूट सुकाणूसारखी सतत राबते. वेदनाशामक कुत्र्यांचंच दिलं, माणसांच्या गोळ्या घरात असल्या तरी देऊ नका म्हणून बजावलं, कारण आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते. चार-पाच दिवसांत शेपूट वर आली. पाणी गार असलं की आता फेऱ्या निम्म्या होतात आणि बाहेर आल्या आल्या ताई त्याला पुसून कोरडा करते, शेपटीच्या बुडापासून सुरुवात करून.